अण्णा, सूर्यफुलं आणि अकरावा अध्याय



आपल्या रोजच्या वाचनात कालपासून गीतेचा अकरावा अध्याय सुरू झालाय. विश्वरूपदर्शन. एकूण ५५ श्लोक, म्हणजे रोज पाच घेतले तरी पुढचे दहा-अकरा दिवस आपण यातच आहोत. हा अध्याय आला की कुणी ना कुणी मला हमखास विचारतं, की अर्जुनाला जे कुणालाच मिळालं नाही ते मिळालं, आणि तो म्हणतो काय, तर हे आवर आणि पहिल्यासारखा हो! असं का? माझं उत्तर बरीच वर्षं ठरलेलं होतं: तो घाबरला. चला, पुढचा श्लोक.

आज ते उत्तर बाजूला ठेवतो आणि एक घरची गोष्ट सांगतो. सांगावी की नाही यावर मी बरेच दिवस घुटमळत होतो, कारण तिच्यात माझी बाजू काही फार चांगली नाही.

२०२३ च्या सुरुवातीला मुंबईत, कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये 'व्हॅन गॉग ३६०' नावाचं प्रदर्शन लागलं होतं. ज्यांनी असलं काही पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. यात चित्रकाराच्या हातचं मूळ चित्र नसतं. मोठा अंधारा हॉल असतो, भिंतींवर आणि जमिनीवर प्रोजेक्टरनं चित्रं सोडलेली असतात. ती हलतात, वाहतात, एकातून दुसरं निघतं, सोबत संगीत. आपण चित्रासमोर उभे नसतो, चित्राच्या आत उभे असतो. याला 'इमर्सिव' म्हणतात. आपल्या भाषेत, बुडवून टाकणारं. हा शब्द माझ्या चांगलाच ओळखीचा, कारण आमच्या ऑफिसात तो रोज वापरला जातो. त्यावर पुढे येतो.

तेव्हा मी ऐरोलीत भाड्यानं राहत होतो आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, पाचोडहून माझ्याकडे आले होते. पाचोड हे पैठण तालुक्यातलं आमचं गाव, संभाजीनगरहून बीडकडे जाताना हायवेवर लागतं. मोसंबीच्या बाजारामुळं बऱ्याच जणांना नाव माहीत असतं. आमचीही मोसंबीच आहे. आई २०२२ च्या श्रावणात गेली. तेव्हापासून त्या घरात अण्णा एकटेच. ताई फोनवर सारखी म्हणायची, "त्यांना जरा बाहेर काढ रे, मन दुसरीकडं लागू दे." मन दुसरीकडं लागू दे, हे वाक्य तेव्हा मला इतकं बरोबर वाटलं की त्यात तपासून बघण्यासारखं काही असेल हे डोक्यातच आलं नाही.

दिवस आंबिया बहाराचे होते. ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात. थंडीत झाडाचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल पडली की हलकं पहिलं पाणी देऊन ताण सोडायचा, ती आंबवणी. मग काही दिवसांनी दुसरं पाणी, ती चिंबवणी. हे नीट जमलं तर झाड फुलानं लदबदतं, नाही जमलं तर वर्ष गेलं. अण्णा आंबवणी देऊन आले होते आणि चिंबवणी चुलतभावावर सोपवली होती. शेतीची लाइट त्या आठवड्यात रात्रीची. म्हणजे माणूस ऐरोलीत चौथ्या मजल्यावर, आणि रात्री दोनला उठून फोन करतोय, "मोटर धरली का रे पाणी?"

तर एका रविवारी मी त्यांना घेऊन निघालो. ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून सीएसएमटी, पुढं टॅक्सी. तिकिटाचा आकडा मी सांगणार नव्हतो, त्यांनी टॅक्सीत विचारलाच. मी निम्मा सांगितला. (हाही चिंतनाचा विषय आहे, पण आज नको.)

हॉलमध्ये शिरल्यावर पहिली पाच मिनिटं मी चित्रं बघितलीच नाहीत, वर प्रोजेक्टर शोधत होतो. इंजिनियरचा रोग. दोन प्रोजेक्टरांची चित्रं जिथं मिळतात तिथं कडा एकमेकींवर चढवून त्यांचा उजेड बेतानं कमी करतात, मग सांधा दिसत नाही. तो सांधा मला हुडकायचा होता. नाही सापडला. मग मी फोन काढला आणि सगळ्यांसारखा व्हिडिओ घ्यायला लागलो.

अण्णा भिंतीला धरून उभे होते. जमिनीवर पिवळं पीक वाहत आलं तसे ते चटकन बाजूला सरकले. पिकावर पाय नको म्हणून. मला हसू आलं, आणि खरं सांगतो, जरा लाजही वाटली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. चुलतभाऊ. लाइट आली होती की गेली होती, काहीतरी. अण्णा त्या तारे-नक्षत्रांच्या मधोमध उभं राहून मोठ्यानं बोलायला लागले, "वरच्या वाफ्याला आधी सोड." लोक वळून बघायला लागले. मी त्यांच्या हातातून फोन घेतला, बंद केला आणि म्हणालो, "अण्णा, एक तास तरी ते सगळं विसरा ना."

ते काही बोलले नाहीत.

मग सूर्यफुलं आली. चारी भिंतींवर, माणसापेक्षा उंच. अण्णा इतका वेळ इकडंतिकडं बघत होते, ते एकदम थांबले. म्हणाले, "हे तर आपलं त्या सालचं रान हाय."

मी म्हणालो, "अण्णा, हे फ्रान्समधलं आहे."

"आसंल. तुही माय त्या कोपऱ्याला उभी राहायची. गोफण घिऊन. लई राघू यायचे."

आणि त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला. आवाज नाही, काही नाही, नुसते खांदे हलत होते. आई गेल्यावर दहाव्याला, तेराव्याला, कधीच त्यांना मी असं बघितलं नव्हतं. आजूबाजूला दहा-पंधरा फोन वर होते. एक मुलगी आम्ही तिच्या फ्रेममध्ये येत होतो म्हणून थोडी सरकून उभी राहिली. मी अण्णांचं कोपर धरलं आणि दाराकडं न्यायला लागलो. ते म्हणाले, "थांब की रे जरा. जाईल ते फूल."

मी थांबलो नाही. "बाहेर जाऊन बसू, पाणी पिऊ" असं काहीतरी बोलत त्यांना बाहेर घेऊन आलो. दार बंद झालं. आत ती फुलं किती वेळ होती मला माहीत नाही.

परतीच्या गाडीत बराच वेळ आम्ही गप्प होतो. मशीद बंदरच्या आसपास अण्णांनी विचारलं, "त्या चित्रवाल्याला माय-बाप, बायको-लेकरं व्हती का?" मग मी सांगायला लागलो. व्हॅन गॉगची गोष्ट मला होस्टेलच्या दिवसांपासून ठाऊक होती. आयर्विंग स्टोनच्या कादंबरीचा माधुरी पुरंदरे यांनी केलेला अनुवाद तेव्हा आमच्या विंगमध्ये फिरत होता. हा माणूस हॉलंडमधल्या एका धर्मोपदेशकाचा मुलगा. आधी स्वतःच धर्मोपदेशक व्हायला निघाला. बेल्जियममध्ये बोरिनाज नावाचा कोळसा खाणींचा मुलूख आहे, तिथं १८७९ मध्ये खाण कामगारांत राहिला. अंगावरचे चांगले कपडे वाटून टाकले, झोपडीत पेंढ्यावर झोपायला लागला. ज्यांनी नेमलं होतं त्यांना हे जास्तीच वाटलं; उपदेशकाला शोभत नाही म्हणून त्यांनी त्याची नेमणूक पुढं चालू ठेवली नाही. अण्णा म्हणाले, "आसंच व्हतंय." त्यानंतर तो चित्रांकडं वळला. लग्न नाही. धाकटा भाऊ थिओ पैसे पाठवायचा त्यावर जगला आणि १८९० मध्ये ३७ व्या वर्षी गेला. ती सूर्यफुलं त्यानं १८८८ च्या ऑगस्टमध्ये आर्लला काढली. एक चित्रकार मित्र राहायला येणार होता, त्याच्या खोलीत लावायला. मित्र आला, दोनेक महिने राहिला, भांडण झालं आणि निघून गेला.

"पाव्हण्यासाठी काढली व्हती व्हय," अण्णा म्हणाले. बाकीच्या सगळ्या गोष्टीतलं त्यांनी तेवढंच धरलं.

मग फोनवर मी त्यांना 'बटाटे खाणारी माणसं' दाखवलं. १८८५ चं. शेतकऱ्याचं घर, वर एक दिवा, टेबलाभोवती पाच जण, मधे एकच ताट. थिओला लिहिलेल्या पत्रात व्हिन्सेंटनं त्याबद्दल सांगितलंय, की ज्या हातांनी यांनी जमीन खणली तेच हात ताटात आहेत, हे मला दाखवायचं होतं. हे मी अण्णांना सांगितलं नव्हतं. त्यांनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि हातच बघितले. एकेक हात. कुर्ला गेलं, घाटकोपर गेलं. मुलुंडला त्यांनी विचारलं, "यांच्यातलं कोन गेलंय? समदे गप कामून हायत?"

पाच इंचांचा स्क्रीन, त्यालाही वरून तडा गेलेला.

दोन दिवसांनी ते गावी गेले. चिंबवणी चुकली नव्हती. माझ्या डोक्यातून मात्र ते "थांब की रे जरा" जात नव्हतं. आणि त्याच महिन्यात माझ्या वाचनात अकरावा अध्याय आला.

आता मंडळी, या अध्यायाकडं एकदा या गोष्टीच्या बाजूनं बघा. अर्जुन मागणी करतो, देव त्याला वेगळे डोळे देतो, आणि समोर काय उभं राहतं? संजय सांगतो तो हजार सूर्यांचा उजेड आपल्याला पाठ असतो. असंख्य तोंडं, असंख्य डोळे, आदि-मध्य-अंत नाही, अर्जुनाला दिशा कळेनाशा होतात. इथपर्यंत म्हटलं तर हा सगळ्यात मोठा इमर्सिव अनुभव. अनेक जण हा अध्याय इथंच थांबून वाचतात, मीही तसाच वाचत होतो. पण त्याच्या पुढं, २६ आणि २७ व्या श्लोकांत, अर्जुनाला त्या तोंडांमध्ये कोण दिसतं? भीष्म. द्रोण. कर्ण. आपल्या बाजूचे योद्धे. ज्या माणसांच्या मरणाच्या विचारानं पहिल्या अध्यायात त्याच्या हातून धनुष्य गळलं होतं, नेमकी तीच माणसं.

म्हणजे बघा, दुःखानं खाली बसलेल्या मित्राला देव बाहेर काढतो, सगळ्या सृष्टीचा खजिना उघडून दाखवतो, आणि त्यात त्याचं दुःख झाकत नाही. मन दुसरीकडं लावत नाही. उलट अर्जुनानं 'तू कोण आहेस' विचारल्यावर उत्तर येतं, मी काळ आहे. मी वर म्हणालो ना, मी प्रोजेक्टर शोधत होतो. त्या यंत्राची एक गंमत आहे. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. तो फक्त उजेड फेकू शकतो. चित्रात जिथं काळं दिसतं तिथं तो काहीच करत नसतो, तो त्या हॉलचा अंधार असतो. म्हणून आधी बाहेरचं सगळं बंद करावं लागतं. माणसांनी बांधलेल्या अद्भुताला बाहेरचं जग बंद करावं लागतं. विश्वरूपात बंद केलेलं असं काही नाही, काळसुद्धा आतच आहे.

हे काही नव्या-जुन्याचं भांडण नाही. चारी बाजूंनी चित्रांनी वेढलेलं उभं राहणं आपल्या जिल्ह्याला नवं थोडंच आहे? अजिंठा आमचाच. शाळेच्या सहलीत गेलो तेव्हा सोळा नंबरच्या लेण्यात मास्तरांनी एक चित्र दाखवलं होतं, लोक त्याला 'मरणासन्न राजकन्या' म्हणतात. नवरा नंद भिक्षू झाला ही बातमी कळल्यावर कोसळलेली सुंदरी. आणि सव्वीस नंबरमध्ये बुद्धाचं महापरिनिर्वाण, सात मीटर लांबीची ती आडवी मूर्ती आणि खाली शोक करणारी माणसं. लहानपणी मला ती मोठी मूर्ती लक्षात राहिली होती. अलीकडं परत गेलो तेव्हा मी खालच्या माणसांसमोरच बराच वेळ उभा होतो. तिथंही अंधार आहे, पण तो वेगळ्या कामाचा. चित्र तुमच्यावर धावून येत नाही. तुम्ही उभे राहता, डोळे सरावतात, मग हळूहळू एक चेहरा दिसायला लागतो.

तर अर्जुन. ते सगळं बघितल्यावर त्याला काय आठवतं हे मला फार गोड वाटतं. ४१ आणि ४२ वा श्लोक काढून बघा. तो माफी मागतो. कशाची? तुला अरे कृष्णा, अरे यादवा, अरे सख्या म्हणून हाक मारली, खेळताना, झोपताना, बसताना, जेवताना तुझी थट्टा केली, त्याची. एवढं ब्रह्मांड समोर, आणि माणसाला आठवतं काय तर जेवणाचं पान आणि बाजेवरच्या गप्पा. अण्णांना चारी भिंतींवरच्या फुलांत एक गोफण आठवली तशी.

ज्ञानेश्वर माऊली या अध्यायाच्या सुरुवातीलाच सांगतात, की इथं शांत रसाच्या घरी अद्भुत रस पाहुणा आला आहे. घर कुणाचं आहे ते बघा. अद्भुत हा पाहुणा. पाहुण्याचं स्वागत जोरात करावं, खोलीत फुलं लावावीत. पण तो राहायला आलेला नसतो.

पण इथं मी जर म्हणालो की साधं रूपच खरं आणि भव्य दर्शन म्हणजे नुसता झगमगाट, तर माऊलीच कान धरतील. कारण अर्जुनानं जुनं रूप मागितल्यावर ज्ञानेश्वरीतला देव जरा रागावतो. अमृताचा समुद्र भेटला आणि बुडेन म्हणून कुणी पळून जातं का, असं विचारतो. म्हणजे अर्जुनाचं मागणं काही फार शहाणपणाचं होतं असं माऊली म्हणत नाहीत. आणि मग देव त्याला एक तोडगा सांगतो. तो मी कित्येकदा वाचून पुढं गेलो होतो. जीव विश्वरूपापाशी ठेव, वरवरच्या मनानं या चतुर्भुज मूर्तीचं सुख घे. कसं? तर माऊली दाखले देतात: कंजूष माणूस पुरलेल्या धनापाशी चित्त ठेवून नुसत्या देहानं वावरतो, पक्षीण पंख न फुटलेल्या पिल्लांपाशी जीव ठेवून आकाशात जाते, गाय डोंगरात चरते, पण चित्त घरी वासरापाशी बांधलेलं असतं.

गाईपाशी मी थांबलो. अण्णा त्या हॉलमध्ये असेच होते. देह कफ परेडला, जीव वरच्या वाफ्यात आणि त्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या आईपाशी. मला वाटलं होतं यांना बुडता येत नाही, यांचं लक्ष नाही, पैसे वाया. खरं तर त्या हॉलमध्ये जीव कुठंतरी बांधून आलेले कदाचित तेच एक होते. इतरांचं मी कशाला सांगू? माझं सांगतो. माझा जीव पाचोडला नव्हता, चित्रात नव्हता आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसापाशीही नव्हता. फोनच्या कोपऱ्यात तो लाल ठिपका चालू असतो ना, रेकॉर्डिंगचा, तिथं होता बहुतेक.

'मन दुसरीकडं लागू दे' हे ताईचं म्हणणं चूक होतं, असं मला आजही म्हणवत नाही. दुःखात असलेल्या माणसाला तासभर हसवणं हे पुण्याचंच काम आहे. दहाव्याच्या घरी शेजारीण चहा आणून देते आणि उगीच भावकीतल्या भांडणाचा विषय काढते, ती काही पाप करत नाही. देवानं तरी शेवटी काय केलं, सौम्य रूप घेतलं आणि घाबरलेल्याला धीर दिला. ते पाहून अर्जुन म्हणतो की आता मी ताळ्यावर आलो. विसावा लागतोच. मग माझं चुकलं काय? मी अण्णांना विसावा द्यायला नेलं नव्हतं. त्यांनी आईचा विषय काढू नये म्हणून नेलं होतं. सहा महिने मी तेच करत होतो. फोनवर ते "तुही माय म्हणायची" असं सुरू करायचे आणि मी "औषध घेतलं का" विचारायचो. त्यांना विसर पडावा ही माझी सोय होती. आणि ज्या क्षणी त्यांना ती दिसली, त्या क्षणी मी दार उघडून त्यांना बाहेर काढलं.

आता ऑफिसचं. आमच्या टीमचं एक काम असं, की माणूस ॲप उघडल्यावर त्यात किती मिनिटं राहतो तो आकडा वाढवायचा. मीटिंगमध्ये शब्द असतो, अनुभव अजून इमर्सिव करा. यात कुणी खलनायक नाही, माझ्यासारखीच हप्ते भरणारी माणसं आहेत. आलेखावर रात्री अकरानंतर रेघ वर चढते. आम्ही ती रेघ बघून खूश व्हायचो. आईनंतरच्या त्या सहा महिन्यांत एकदा मी तो आलेख बघत होतो आणि लक्षात आलं, की दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीच्या असल्याच आलेखावर मीही रात्री अकरानंतरचा एक ठिपका असणार. झोप येत नाही, आईचा आवाज आठवतो, तो नको म्हणून अंगठा वर-खाली करत बसलेला. मला कुणी बुडवलं नव्हतं, मी स्वतःच गेलो होतो. तरी खोली कुणीतरी अंधारी करून ठेवली होती, हेही खरं.

नोकरी मी सोडलेली नाही. एवढं झालं, की एका मीटिंगमध्ये मी विचारलं, हा माणूस रात्री दीड वाजता आपल्याकडं का आहे, हे आपल्याला कधी कळणार आहे का? दोघं हसले, एकानं टिपून घेतलं. पुढं काही झालं नाही. याचं काय करायचं ते मला अजून उमगलेलं नाही, आणि तुमच्यापैकी अर्धेअधिक याच धंद्यात आहेत म्हणून हे इथं लिहून ठेवतोय.

५४ व्या श्लोकात देव सांगतो, की अनन्य भक्तीनं मला जाणता येतं, पाहता येतं आणि माझ्यात प्रवेश करता येतो. तीन क्रियापदं आहेत, घाई न करता वाचा. पाहणं मधे येतं. प्रवेश शेवटी. तिकीट काढून आपण प्रवेशापासून सुरुवात करतो.

त्याच वर्षी मार्चमध्ये नाथषष्ठीला मी गावी गेलो. पैठणकडं दिंड्या चालल्या होत्या. अण्णांबरोबर नाथांच्या वाड्यात जाऊन आलो. श्रीखंड्याचा रांजण तुम्हाला माहीत असेल. देवानं बारा वर्षं नाथांच्या घरी गडी होऊन पाणी भरलं तो. षष्ठीच्या दिवसांत भाविक त्यात पाणी ओततात. अण्णांनी घागर ओतली आणि बाहेर येताना म्हणाले, "बारा साल घरात पानी भरलं, तरी वळखू आलं नाही." कुणाबद्दल म्हणाले ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी बागेत गेलो. फूल झडून गेलं होतं, वाटाण्याएवढी फळं धरली होती, खाली पाकळ्या वाळून पडलेल्या. मी फोन घरी ठेवला होता. मुद्दाम ठेवला होता, उगीच मोठेपणा नको. बांधावर बसल्यावर मी म्हणालो, "अण्णा, ते सूर्यफुलाचं साल कोणतं होतं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग सांगायला लागले. मी पहिलीत होतो तेव्हाचं ते. पाऊस उशिरा झाला, कपाशी मोडली आणि त्या जागी सूर्यफूल पेरलं. फूल भरायला आलं तसे राघूंचे थवे उतरायचे, सकाळी आणि उन्हं कलल्यावर. आई मला शाळेत सोडून थेट रानात जायची. गोफण तिला येत नव्हती. पहिल्या दिवशी धोंडा मागंच गेला आणि अण्णांच्या गुडघ्याला लागला. हे सांगताना ते हसायला लागले आणि हसता हसता परत टॉवेल तोंडाला गेला. या वेळी मी काही बोललो नाही. अंधार पडेपर्यंत ते सांगत होते. किती पोती झाली, काय भाव लागला, त्या पैशांतून तिनं काय घेतलं.

ती गोफण अजून कोठीत खिळ्याला टांगलेली आहे. मी ती रोज बघत मोठा झालो होतो आणि मला वाटायचं ती आजोबांची.

उद्या आपण सहावा ते दहावा श्लोक घेऊ.

राम कृष्ण हरि.